लोकमाता राणी रासमणी

गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार होय, असे आपली शास्त्रे एकमुखाने सांगतात. तथापि प्रत्यक्ष संसारात पडलेल्या मनुष्याच्या मनात पदोपदी हा संदेह उत्पन्न होतो की, घरदार, मुलेबाळे, जमाखर्च, कज्जेदलाली आणि लेकीजावयांचे मानपान या सर्व व्यापात गुंतलेल्या जीवाला भगवंताचे चरण कसे लाभावेत? गीतेने या संदेहाचे निरसन कर्मयोगाच्या उपदेशाने केले आहे. परंतु उपदेश ऐकणे वेगळे आणि तो चाळीस-पन्नास वर्षे संसाराच्या धगीत उभे राहून आचरणे वेगळे. एकोणिसाव्या शतकात वंगदेशातील एका गृहिणीने तो आचरून दाखविला. त्या साध्वीचे नाव राणी रासमणी.

रासमणींचा जन्म २८ सप्टेंबर १७९३ रोजी, गंगेच्या पूर्वतीरावरील हालिशहराजवळच्या कोना नावाच्या खेड्यात झाला. पुण्यश्लोक अहल्याबाई होळकर महेश्वरी देह ठेवण्यापूर्वी दोनच वर्षे ही कन्या जन्मास आली. जणू धर्मकार्याची एक ज्योत विझण्याआधीच देशाच्या दुसऱ्या टोकास दुसरी ज्योत प्रज्वलित झाली. वडील हरेकृष्ण दास हे कैवर्त कुळातील गरीब कष्टकरी होते. थोडीशी शेती आणि लोकांची घरे शाकारून मिळणारी मजुरी यावर त्यांचा चरितार्थ चाले. त्यांना अक्षरओळख उत्तम होती. दिवसभराचे श्रम आटोपल्यावर संध्याकाळी ते रामायण व महाभारत वाचून दाखवीत आणि गावचे लोक त्यांच्या अंगणात ऐकावयास जमत. त्या अंगणातच बालिकेच्या कानी रामकथा पडली व तिथेच वडिलांनी तिला लिहिण्यावाचण्याचे धडे दिले. घर वैष्णव होते. कपाळी टिळा लावून आईबरोबर देवापुढे बसणे, हाच तिचा खेळ होता.

आई रामप्रिया ही आपल्या लेकीला लाडाने राणी म्हणत असे. पुढे या नावाला रासमणी हे नाव जोडले गेले. अनेकांची समजूत अशी आहे की, राणी ही कोणा सरकारने दिलेली पदवी असावी. वस्तुतः झोपडीत राहणाऱ्या एका मातेने आपल्या लेकीला दिलेले ते नाव होते. मुलगी सात वर्षांची असतानाच ही माता परलोकवासी झाली. लेकीने उत्तरायुष्यात ते नाव सार्थ केलेले पाहण्याचे भाग्य तिला लाभले नाही.

कलकत्त्यातील जानबाजार मोहल्ल्यात प्रीतराम दास नावाचे एक धनिक गृहस्थ राहत होते. त्यांनी बांबूच्या व्यापारापासून आरंभ करून स्वकष्टाने मोठी इस्टेट उभारली होती. त्यांचे पुत्र राजचंद्र यांच्या दोन पत्नी एकापाठोपाठ एक निवर्तल्या होत्या. गंगेच्या घाटावर ही सुलक्षणी कन्या दृष्टीस पडली आणि सोयरीक जुळली, असे सांगतात. १८०४ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गरीब शेतकऱ्याची ही कन्या जानबाजारच्या वाड्याची सून झाली.

दारिद्र्यातून एकाएकी ऐश्वर्यात गेलेल्या मनुष्याचे चित्त सहसा स्थिर राहत नाही. रासमणींचे राहिले. वाड्यात नोकरचाकरांची वाण नव्हती. तरीही देवघराची सेवा त्या स्वतःच्या हाताने करीत. घरी रघुनाथजींची मूर्ती होती व तीच त्या घराची आराध्य देवता होती. पतीचा त्यांच्या बुद्धीवर एवढा विश्वास होता की, व्यवहारातील महत्त्वाच्या गोष्टींत ते पत्नीचा विचार घेत. लोकोपयोगी कामाकडे राजचंद्रांचा ओढा होता. गंगेवर स्नानास येणाऱ्या लोकांचे हाल पाहून त्यांनी १८३० साली पक्का घाट बांधविला. आजही तो बाबूघाट या नावाने प्रसिद्ध आहे. पद्ममणी, कुमारी, करुणामयी व जगदंबा अशा चार कन्या या दांपत्यास झाल्या. पुत्रसंतान राहिले नाही. कन्यांचे विवाह झाल्यावर लेकी व जावई जानबाजारलाच एकत्र राहिले. अशा रीतीने तो वाडा नातवंडांनी भरून गेला.

१८३६ साली राजचंद्र अकस्मात निवर्तले. रासमणींचे वय त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे होते. त्या काळी विधवेच्या वाट्याला काय येई, हे सांगणे नको. एवढी मोठी जमीनदारी, व्यापार आणि देणीघेणी एका बाईच्या हाती टिकणार नाहीत, असेच बहुतेकांना वाटले असावे. रासमणींनी प्रथम पतीचे और्ध्वदेहिक यथाविधी केले, मुक्तहस्ताने दान केले आणि नंतर दप्तर मागवून घेतले. तिसरे जामात मथुरामोहन विश्वास हे इंग्रजी शिकलेले व व्यवहारचतुर होते. करुणामयीच्या अकाली निधनानंतर रासमणींनी आपली धाकटी कन्या जगदंबा त्यांना देऊन हा गुणी जावई घरातच ठेवून घेतला होता. त्यांना हाताशी धरून त्यांनी सर्व कारभार स्वतः पाहण्यास आरंभ केला. पहाटे स्नान व जप, त्यानंतर रघुनाथजींची पूजा, मग कचेरीचे कागद आणि संध्याकाळी पुराणश्रवण असा त्यांचा नित्यक्रम असे. कागदपत्रांवर उमटविण्याच्या मुद्रेवर त्यांनी स्वतःस कालीचरणांची अभिलाषा धरणारी दासी असे कोरविले होते. मुद्रा ही सत्तेची खूण होय. त्या खुणेवरच ज्या व्यक्तीने आपले दासीपण कोरून ठेवले, तिला आपण कोणाच्या वतीने ही संपत्ती सांभाळीत आहोत, याचे विस्मरण कसे व्हावे?

घरातील उत्सवांत त्यांची ही दृष्टी स्पष्ट दिसे. १८३८ साली रघुनाथजींच्या रथयात्रेसाठी रुप्याचा रथ करावा, असे त्यांच्या मनात आले. हे काम एखाद्या नामांकित विलायती पेढीकडे सोपवावे, असा मथुरामोहनांचा विचार होता. परंतु सासूबाईंनी देशी कारागिरांनाच बोलावले. देवाच्या निमित्ताने खर्च होणारा पैसा आपल्याच कारागिरांच्या घरी जावा, हा त्यांचा आग्रह होता. त्या रथास १,२२,११५ रुपये खर्च आला. यात्रेच्या दिवशी रथापुढे घरचे जावई अनवाणी चालत. धनाढ्य घरच्या तरुणांना अनवाणी चालावयास लावणे, हे त्या मातेचे कुटुंबशिक्षण होते.

सौम्य स्वभावाच्या या बाईंची करारी बाजूही लोकांनी लवकरच पाहिली. गंगेत मासे धरून पोट भरणाऱ्या गरीब कोळ्यांवर कंपनी सरकारने कर बसविला. कोळी अनेक बड्या लोकांच्या दारी गेले, परंतु सरकारशी वैर कोण घेणार? शेवटी ते जानबाजारला आले. रासमणींनी तक्रारअर्ज केला नाही. त्यांनी दहा हजार रुपये भरून घुसुडीपासून मेटियाबुरुजापर्यंतचा गंगेचा भाग सरकारकडूनच रीतसर ठेक्याने घेतला आणि दोन्ही टोकांस नदीवर लोखंडी साखळदंड ताणून ठेवले. जहाजे अडली, व्यापार खोळंबला. सरकारने जाब विचारला, तेव्हा त्यांनी असे कळविले की, जहाजांच्या ये-जा करण्याने मासे बिथरतात व ठेकेदारास तोटा होतो, सबब आपल्या ठेक्याचे रक्षण करणे भाग आहे. सरकारला कराराचेच बंधन असल्याने निरुपाय झाला. शेवटी पैसे परत करून कर रद्द करण्यात आला आणि कोळ्यांना गंगा मोकळी झाली.

दुर्गापूजेच्या वेळचा एक प्रसंग असाच सांगतात. सप्तमीस पहाटे नवपत्रिकेच्या स्नानासाठी वाड्यातून वाजतगाजत मिरवणूक गंगेवर जाई. एका इंग्रजाची झोपमोड झाली व त्याने तक्रार केली. सरकारने वाद्ये बंद करण्याची ताकीद दिली. राणींनी दुसऱ्या दिवशी अधिकच वाद्ये लावली. तेव्हा त्यांना पन्नास रुपये दंड झाला. त्यांनी तो निमूटपणे भरला. मात्र जानबाजारपासून बाबूघाटापर्यंतचा रस्ता त्यांच्या मालकीचा होता, तो त्यांनी लाकडी कुंपण घालून बंद केला. गावाची रहदारीच थांबली. अखेर सरकारने समेट करून दंडाची रक्कम परत केली. या दोन्ही प्रसंगांत त्यांनी कायद्याचे उल्लंघन केले नाही. आपल्या हक्काच्या मर्यादेत राहून त्यांनी अन्यायाचे निवारण केले. क्रोधाने पेटून न उठता आणि भयाने मागेही न हटता कर्तव्य करणे यालाच गीतेत धैर्याचे सात्त्विक रूप मानले आहे.

पुरीच्या यात्रेस गेल्या असता सुवर्णरेखेपलीकडील वाटेची दुर्दशा पाहून त्यांनी यात्रेकरूंसाठी स्वखर्चाने रस्ता करविला. १८५७ च्या धामधुमीत काही उन्मत्त गोरे शिपाई जानबाजारच्या वाड्यात घुसले. त्या वेळी घरातील कर्ते पुरुष बाहेर होते. साठी उलटलेल्या राणी स्वतः शस्त्र घेऊन रघुनाथजींच्या मंदिराच्या रक्षणास उभ्या राहिल्या, असे सांगतात.

परंतु या सर्व कर्तृत्वाच्या मुळाशी जी भक्ती होती, तिचा खरा आविष्कार दक्षिणेश्वरी झाला. काशीस जाऊन विश्वेश्वर व अन्नपूर्णा यांचे दर्शन घ्यावे, ही रासमणींची फार दिवसांची इच्छा होती. १८४७ साली तिची तयारी पूर्ण झाली. आगगाडी तेव्हा नव्हती. गंगेतून नौकांनी जावयाचे होते. धान्य, वस्त्रे, नोकरचाकर, आप्त अशा सर्वांसह नौका सज्ज झाल्या. निघण्याच्या पूर्वरात्री त्यांना स्वप्नात जगन्मातेचे दर्शन झाले व अशी आज्ञा मिळाली की, काशीस येण्याचे कारण नाही. इथेच गंगातीरी मंदिर बांधून नित्य पूजा व अन्नभोग यांची व्यवस्था करावी, म्हणजे तिथेच सेवा घेतली जाईल. ज्या यात्रेसाठी वर्षानुवर्षे मन आतुर होते, ती उंबरठ्यावर आली असता सोडून देणे सोपे नव्हे. तीर्थयात्रेची इच्छा पवित्र असली तरी ती इच्छाच होती, आणि ती त्यांनी आज्ञेपुढे सोडली. नौका परत फिरविण्यात आल्या आणि जागेचा शोध सुरू झाला.

कलकत्त्याच्या उत्तरेस दक्षिणेश्वर गावी गंगेच्या पूर्वतीरावर हेस्टी नामक एका इंग्रजाची सुमारे वीस एकर जमीन होती. तिचा काही भाग मुसलमानांचे जुने कबरस्तान होता. कासवाच्या पाठीसारख्या उंचवट्याची ही भूमी शक्तिसाधनेस योग्य मानली गेली. जमिनीचे खरेदीपत्र १८४७ सालीच झाले. बांधकामास आठ वर्षे लागली आणि सुमारे नऊ लक्ष रुपये खर्च झाला. मध्यभागी नऊ शिखरांचे, शंभर फुटांच्या आसपास उंचीचे कालीमंदिर, गंगेच्या बाजूस ओळीने शंकराची बारा मंदिरे आणि एका बाजूस राधाकांताचे मंदिर, अशी ही रचना आहे. शाक्त, शैव आणि वैष्णव हे तिन्ही पंथ एकाच प्रांगणात नांदतात. वैष्णव घरात जन्मून कालीच्या उपासक झालेल्या या बाईंच्या हृदयात जो समन्वय होता, तोच त्या दगडविटांत उतरला.

हे काम चालू असता राणींनी कठोर व्रत धरले. त्रिकाल स्नान, हविष्यान्न, भूमीवर शयन आणि अखंड जप असा त्यांचा नेम होता. मंदिर गवंडी बांधीत होते, परंतु त्याचा पाया ही तपश्चर्या होती.

मंदिर पूर्ण होत आले आणि इथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण अडचण उभी राहिली. त्यांच्या कुळाची गणना त्या काळी शूद्रांत होत असे. देवीस शिजविलेल्या अन्नाचा नैवेद्य दाखवावा, ही त्यांची मनीषा होती. परंतु शूद्राने स्थापिलेल्या देवतेची पूजा करणे किंवा तिला अन्नभोग अर्पण करणे ब्राह्मणास योग्य नाही, असे मत पंडितांकडून येऊ लागले. एकामागून एक व्यवस्थापत्रे प्रतिकूल आली. नऊ लक्षांचे मंदिर उभे होते, मूर्ती तयार होती, आणि आईस घासभर भात वाढण्याचा अधिकार मात्र लेकीस नव्हता! जगन्मातेपुढे कोणते लेकरू परके, हा प्रश्न त्या वेळी विद्वानांना पडला नाही. परंतु अपमानाने कटू न होता राणी दूरदूरच्या पाठशाळांतून मत मागवीत राहिल्या.

अखेर कलकत्त्यात झामापुकुर येथे पाठशाळा चालविणारे कामारपुकुरचे रामकुमार चट्टोपाध्याय यांनी मार्ग दाखविला. प्रतिष्ठेपूर्वी मंदिर ब्राह्मणास दान करावे व त्याने देवीची स्थापना करून अन्नभोगाची व्यवस्था करावी, म्हणजे शास्त्राचा नियम मोडत नाही, असे त्यांनी कळविले. राणींनी हे मत आनंदाने स्वीकारले आणि आपल्या गुरूच्या नावे मंदिर अर्पण करून स्वतः त्याच्या केवळ व्यवस्थापक म्हणून राहण्याचे ठरविले. आयुष्यभराच्या संकल्पाचे फळ हाती येत असतानाच त्यावरचे आपले नाव पुसून टाकण्याची वेळ आली, आणि ते त्यांनी पुसले. कर्मफलत्याग म्हणतात तो हाच.

तरीही पूजेस कोणी पुढे येईना. शेवटी राणींच्या विनंतीवरून रामकुमारांनीच हे कार्य पत्करले. ३१ मे १८५५ रोजी, ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानयात्रेच्या पुण्यदिवशी, मोठ्या समारंभाने प्रतिष्ठा झाली. दूरदूरचे पंडित व ब्राह्मण आले, सहस्रावधी लोक जेवले. रामकुमारांबरोबर त्यांचा एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ गदाधर आला होता. त्याने त्या दिवशी मंदिरातील अन्न घेतले नाही. पुढेही काही काळ तो गंगेच्या वाळवंटात आपला स्वयंपाक आपण करी. त्याच्या घराण्याचे संस्कार तसे होते. हा तरुण पुढे श्रीरामकृष्ण परमहंस म्हणून जगास ज्ञात झाला.

त्याच वर्षी श्रावणात नंदोत्सवाच्या दिवशी पुजारी क्षेत्रनाथ यांच्या हातून राधाकांताची मूर्ती पडली आणि मूर्तीचा पाय भंगला. भग्न मूर्ती गंगेत विसर्जित करून नवी बसवावी, असा पंडितांनी निर्णय दिला. राणींच्या जिवास मात्र तो रुचेना. एवढ्या प्रेमाने पूजिलेली मूर्ती पाण्यात टाकावयाची कशी? मथुरबाबूंच्या सूचनेवरून गदाधरांना विचारण्यात आले. त्यांनी उलट असे विचारले की, राणींच्या एखाद्या जावयाचा पाय मोडला असता तर त्यास टाकून देऊन दुसरा आणला असता काय? औषधोपचारच केला असता ना? राणींच्या डोळ्यांत पाणी आले. देव हा आप्त आहे, हे ज्या घरात मनापासून मानले जात होते, त्या घरालाच हे उत्तर पटणे शक्य होते. गदाधरांनी मूर्ती स्वतः सांधली आणि पूजा पूर्ववत चालू झाली. १८५६ साली रामकुमार निवर्तले आणि कालीची पूजा गदाधरांकडे आली.

या तरुण पुजाऱ्याची वागणूक नेहमीच्या पुजाऱ्यासारखी नव्हती. पूजा करताना तो रडे, हसे, देवीशी बोले. विधीचा क्रम राहत नसे. कारकून मंडळींनी जानबाजारला तक्रारी नेल्या. मथुरबाबू स्वतः गुप्तपणे येऊन पाहून गेले व त्यांनी राणींना असा अद्भुत पुजारी मिळाल्याचे सांगितले. राणींनी त्याच्या मार्गात कोणी आडवे येऊ नये, अशी आज्ञा दिली.

याच काळातील एक प्रसंग राणींच्या थोरवीची परिसीमा होय. एके दिवशी त्या दक्षिणेश्वरी आल्या, गंगास्नान केले आणि देवीपुढे आसन घालून बसल्या. त्यांच्या इच्छेवरून गदाधर भजन म्हणू लागले. भजन चालू असता राणींचे चित्त न्यायालयात चाललेल्या एका दाव्याच्या निकालाकडे गेले. एकाएकी गदाधर थांबले, वळले आणि त्यांनी राणींच्या अंगावर हलकेच चापट मारून, इथेही तोच विचार काय, म्हणून टोकले. दासदासी धावल्या, पहारेकरी आले, मंदिरात गलबला झाला. शेकडो माणसांच्या पोशिंद्या असलेल्या वृद्ध यजमानीणबाईंवर पगारी पुजाऱ्याने हात उगारला होता! राणी मात्र स्तब्ध बसल्या होत्या. आपले मन कोठे गेले होते, हे त्यांना ठाऊक होते, आणि ते दुसऱ्या कोणास ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्यांनी सर्वांना मागे सारले आणि या ब्राह्मणाचा काही अपराध नाही, आईनेच आपल्याला शिक्षा केली, असे सांगितले. त्यास कोणीही बोल लावू नये, असेही त्यांनी बजावले.

आपणांपैकी कितीजण देवापुढे बसून मनाने दुकानात, कचेरीत अथवा कोर्टात असतात! ते कोणी दाखविले तर आपला पहिला उद्गार क्रोधाचाच असतो. रासमणींनी सरकारला नमविले होते. पण आपली चूक दाखविणाऱ्यापुढे त्या स्वतः नमल्या. सरकारपुढे न नमणे आणि सत्यापुढे नमणे, या दोन्ही गोष्टी एकाच भक्तीतून आल्या होत्या.

देवालयाचा खर्च पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालावा म्हणून प्रतिष्ठेच्या वर्षीच त्यांनी दिनाजपूर जिल्ह्यातील जमीनदारी २,२६,००० रुपयांस खरेदी केली होती. परंतु तिचे देवोत्तर दानपत्र करावयाचे राहून गेले. १८६१ च्या आरंभी त्या अतिसार व तापाने अंथरुणास खिळल्या. देह राहत नाही, हे उमगताच त्यांचे सर्व लक्ष त्या एका दानपत्राकडे लागले. चार कन्यांपैकी ज्येष्ठ पद्ममणी व कनिष्ठ जगदंबा या दोघीच तेव्हा हयात होत्या. पुढे हक्काचा वाद निघू नये म्हणून दोघींनी संमतिपत्रावर सह्या कराव्यात, अशी आईची इच्छा होती. जगदंबेने सही केली. पद्ममणींनी केली नाही. ज्या हातांनी गोऱ्या सरकारकडून गंगा मोकळी करून घेतली, त्या हातांना पोटच्या लेकीकडून एक सही मिळविता आली नाही. राणींनी तिच्यावर बळजबरी केली नाही. १८ फेब्रुवारी १८६१ रोजी त्यांनी दानपत्रावर स्वतःची सही केली.

प्रथेप्रमाणे त्यांना कालीघाटास आदिगंगेच्या काठी नेण्यात आले होते. अखेरच्या क्षणी समोर दिवे पेटलेले होते. ते दिवे दूर करा, आता त्यांचे तेज नको, आई आली आहे आणि तिच्या प्रभेने सर्व उजळले आहे, असे त्या बोलल्या. नंतर पद्ममणीने सही दिली नाही, आता कसे होईल, अशी खंतही त्यांनी त्या आईपाशीच बोलून दाखविली. १९ फेब्रुवारी १८६१ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षात, त्यांनी देह ठेवला.

भाविकांना कदाचित वाटेल की, एवढ्या भक्त स्त्रीच्या मुखी अंतकाळी संसाराची चिंता का यावी? थोडा विचार केला असता तिचा अर्थ लक्षात येतो. ती चिंता धनाची नव्हती. आईच्या नैवेद्यात खंड पडू नये, एवढीच ती होती. आणि ती त्यांनी वकिलापाशी किंवा जावयापाशी सोडली नाही. जिचे कार्य होते तिच्याच पायांशी नेऊन ठेवली. मनुष्याने आपल्या शक्तीनुसार सर्व करावे, आणि जे हातून होत नाही ते तक्रार न करता प्रभूकडे सोपवावे, हाच कर्मयोगाचा शेवटचा धडा होय.

त्यांची भीती खोटी नव्हती. पुढे वारसांत तंटे झाले, प्रकरणे न्यायालयात गेली, देवस्थानाच्या मिळकतीस त्याची झळही लागली. परंतु पूजा चालू राहिली. मथुरबाबूंनी १८७१ साली देह ठेवीपर्यंत श्रीरामकृष्णांची सेवा केली. १८६८ साली तेच त्यांना मोठ्या परिवारासह काशीस घेऊन गेले. राणींच्या नौका ज्या वाटेवरून परतल्या होत्या, ती यात्रा अशा रीतीने त्यांच्या घराकडून घडली. १८७५ साली कन्या जगदंबेने बराकपुराजवळ गंगातीरी अन्नपूर्णेचे मंदिर उभारले. आईने सोडून दिलेले दर्शन लेकीने गंगेच्या काठी आणून बसविले. दक्षिणेश्वरी श्रीसारदादेवी राहिल्या, तेथेच तरुण नरेंद्र आपल्या गुरूंच्या चरणांशी आला आणि पुढे विवेकानंद झाला. ज्या प्रांगणात एके काळी पुजारी मिळत नव्हता, तेथे आज सर्व देशांतून, सर्व जातींचे लोक दर्शनास येतात आणि एकाच पंक्तीत प्रसाद घेतात.

रासमणींनी घर सोडले नाही, भगवी वस्त्रे घेतली नाहीत, ग्रंथ लिहिला नाही. लेकी वाढविल्या, जावयांस वळण लावले, हिशेब तपासले, कज्जे लढविले, रयतेची दुःखे निवारली आणि या सर्वांच्या माथ्यावर कालीचरणांची मुद्रा उमटविली. प्रत्येक घरातील मातेपाशी थोडीबहुत सत्ता असते. किल्ल्यांचा जुडगा असो की केवळ चूल असो, ती आपली न मानता देवाची मानली तर त्याच घराचे देवालय होते. हा मार्ग कोणत्याही गृहस्थास बंद नाही. जगन्माता सर्व गृहस्थांना तशी बुद्धी देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.